पंचावन्न नंबरच्या थडग्यातला माणूस

पॉलिन तुस्कानोच्या हातून चुकीचं लेबल बाहेर गेलं, असं एकवीस वर्षांत कुणाला म्हणता आलेलं नाही. तिची कंपनी शारजात प्रदर्शनं उभारते. मॉलमध्ये पोरं ज्या डायनोसॉरला बघून किंचाळतात, तो हिच्याच ऑफिसमागच्या शेडमध्ये फायबरचा बनलेला असतो. त्याच्या खाली काय लिहायचं ते तपासणं आणि शेवटच्या कागदावर सही करणं, हे पॉलिनचं काम. वसईची बाई, शिक्षण बारावी. पण लेबलात एक साल चुकलं तरी चष्म्यावरून अशी बघते की चांगल्या शिकल्या-सवरल्या डिझायनरला घाम फुटतो.

यंदा प्रदर्शन होतं इजिप्तच्या राजा-राण्यांचं. आठ शवपेट्या, सगळ्या नकली. पण इतक्या हुबेहूब की सफाईवाला शेडमध्ये एकटा जायला तयार नव्हता. सात पेट्यांवर पॉलिनने दोन दिवसांत सही ठोकली. आठवीपाशी बाई अडली ती अडलीच.

त्या पेटीची मूळ कथाच तशी आहे. १९०७ साली राजांच्या दरीत पंचावन्न नंबरचं थडगं सापडलं. आत सोन्याने मढवलेली एक पेटी. चेहऱ्यावरचं सोनं कुणीतरी ओरबाडून काढलेलं, आणि जिथे जिथे नाव कोरलेलं होतं तिथे तिथे ते कापून टाकलेलं. आत हाडं होती. शोधणारे म्हणाले, ही राणी तिये. डॉक्टरने हाडं बघितली, तर निघाला पुरुष! मग म्हणाले, हा सूर्याला पुजणारा राजा अखेनातेन. तर दुसरे म्हणाले, छे, हाडं पंचविशीच्या आतबाहेरची आहेत, अखेनातेन एवढा तरुण कसा मरेल? हा त्याच्यामागून गादीवर आलेला स्मेनखकारे असणार. अलीकडे डीएनए काढला, तेव्हा हा तूतनखामुनचा बाप असं निघालं. तरी भांडण मिटलं नाही. त्यात पेटी मुळात केली होती कुणा बाईसाठी, मागाहून तोडजोड करून ह्याला तिच्यात निजवलेला. एकशे वीस वर्षं जगातले विद्वान एका माणसाच्या नावावरून हमरीतुमरीवर आलेत, आणि तो बिचारा गप्प पडून आहे.

पॉलिनने महिनाभर हे सगळं वाचलं. जेवणाच्या सुट्टीत, डब्यातली भाजी गार होईपर्यंत. चेहरा रंगवणारा अक्रम एकदा म्हणाला, "मॅडम, इसका मुँह किसने नोचा?" तर तिने त्याला हातातला ब्रश खाली ठेवायला लावून अर्धा तास इतिहास ऐकवला. आणि मग तिने लेबल लिहिलं: 'राजघराण्यातील पुरुष. नाव निश्चित नाही.'

"पॉलिन मॅडम, हे काय?" सुदेश तिच्या टेबलाशी आला. हा प्रोजेक्ट मॅनेजर, पुण्याचा, तिच्याहून वीस वर्षांनी लहान. माणूस वाईट नाही, पण डेडलाइन आली की त्याचं डोकं फिरतं. "पँफलेट छापून झालंय. 'अखेनातेनची शवपेटी' म्हणून पूर्ण पान आहे. लोक तिकीट काढून येणार, आणि आपण सांगायचं की हा कोण ते आम्हाला माहीत नाही?"

"माहीत नाहीच आहे ना."

"अहो, अर्धे एक्सपर्ट म्हणतात की अखेनातेनच!"

"मग उरलेल्या अर्ध्यांचं काय करू? मी खोट्यावर सही करत नाही, सर."

सुदेश खुर्ची ओढून बसला आणि आवाज उतरवून बोलला. "सोमवारी मॉलचा हम्माद येतोय इन्स्पेक्शनला. तुमच्या सहीशिवाय हँडओव्हर नाही. आणि मॅडम, मार्चमध्ये तुम्हाला साठ होतायत. तुमच्या कॉन्ट्रॅक्टच्या रिन्यूअलची शिफारस मलाच करायचीय. मॅनेजमेंटला मी काय सांगू? एका लेबलासाठी शो अडकवला म्हणून?"

धमकी नव्हती ती, पण होतीही. काम गेलं तर व्हिसा गेला, अल मजाजमधलं घर गेलं, आणि मुलीचं, टेसाचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष अर्ध्यावर. हे तिला सुदेशने सांगायची गरज नव्हती.

घरी टेसाने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "मम्मी, इट्स जस्ट अ लेबल! साइन करून टाक." मग जरा थांबून म्हणाली, "इज धिस अबाउट ग्रँडपा?"

पोरगी हुशार. नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं.

वसईला सिमेट्रीत जागा थोडी आणि माणसं फार. एका कुटुंबाची एकच कबर. काही वर्षं गेली की ती उघडतात, आतली हाडं काढून कोपऱ्यात हाडांसाठीच खणलेल्या विहिरीत सोडतात, आणि जागा पुढच्या माणसाला देतात. ह्यात कुणाला वाईट वाटत नाही, रीतच आहे ती. पॉलिनचे पप्पा, इनास रुमाव, गेले तेव्हा ती इथे शारजातच होती. टेसा पोटात, विमानात बसायची मनाई. माती द्यायला पोचली नाही, हे शल्य तिने कायम उराशी धरलं. म्हणून दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, धाकटा भाऊ लेस्टर व्हिडिओ कॉल लावायचा. पप्पांच्या नावाचा क्रॉस, झेंडूची फुलं, मेणबत्त्या. पॉलिन शारजात सोफ्यावर गुडघे टेकून रोझरी म्हणायची.

गेल्या वर्षी सुट्टीवर गेली तेव्हा क्रॉस नवीन करावा म्हणून फादरकडे गेली. फादरनी रजिस्टर उघडलं आणि सगळा घोटाळा कळला. अकरा वर्षांपूर्वी धाकटे काका गेले तेव्हा कबर उघडली होती. पप्पांची हाडं विहिरीत गेली, काका आत निजले, आणि क्रॉसवरचं नाव बदलायचं राहून गेलं. अकरा वर्षं पॉलिन काकांपुढे पप्पांसाठी रडत होती! आणि काका तरी कसे? जन्मभर पप्पांशी कोर्टात भांडलेले. दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. पॉलिनला नाही आलं. "तुला माहीत होतं?" तिने लेस्टरला विचारलं. त्याने मान खाली घातली. त्या दिवसापासून ती भावाशी बोललेली नाही.

"वर नाव एकाचं आणि आत माणूस दुसरा," ती टेसाला म्हणाली. "परत माझ्या हातून नाही व्हायचं ते. मग तो राजा असो की कुणी असो."

टेसाने उठून आईसाठी चहा टाकला.

सोमवारी सकाळी हम्माद आला. मॉलच्या कार्यक्रमांचा प्रमुख. अंगात पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा, आणि हिंदी आपल्यापेक्षा चांगली. यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करत सात पेट्या बघितल्या, आठवीपाशी थांबला. एका हातात पँफलेट, समोर लेबल. "यहाँ अखेनातेन, वहाँ कोई नहीं? सही कौन सा है?"

सुदेशने पॉलिनकडे बघितलं. मोडता घालायला त्याला एक वाक्य पुरलं असतं. पण तो गप्प राहिला, हे त्याच्या खात्यावर जमा.

"लेबल सही है, सर," पॉलिन म्हणाली. "पँफलेट गलत है." तिने हाडांचं सांगितलं, डीएनएचं सांगितलं, कापलेल्या नावांचं सांगितलं. आणि हम्माद ऐकतोय असं बघून वसईच्या कबरीचंही सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं, तोंडून निघून गेलं.

हम्माद बराच वेळ त्या ओरबाडलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिला. "माझ्या आजोबांच्या कबरीवर नाव नाही," तो हिंदीत म्हणाला. "नुसता दगड. शेजारी शंभर दगड तसेच. त्यातला त्यांचा कुठला, मला ठाऊक नाही. मी कब्रस्तानच्या दारातच उभा राहतो आणि सगळ्यांना सलाम करतो."

"त्यांना पोचतो?"

"सगळ्यांना पोचतो, मग त्यांना नाही पोचणार?" तो हसला आणि सुदेशकडे वळला. "लेबल यही रहेगा. पँफलेट नया छापो. खलास."

तो गेल्यावर पॉलिनने कागदावर सही केली. सुदेश म्हणाला, "माझं डोकं खाल्लंत मॅडम तुम्ही." दुपारी रिन्यूअलचा फॉर्म तिच्या टेबलावर आला, शिफारशीच्या रकान्यात त्याची सही होती.

संध्याकाळी तिने लेस्टरला फोन लावला. चौदा महिन्यांनी. तिकडून दबकत थोरल्या बहिणीला घालायची ती हाक आली, "बाय?"

"ऐक," पॉलिन म्हणाली. "यंदा क्रॉसपाशी नको थांबूस. गेटवर उभा राहा आणि सगळ्यांसाठी प्रार्थना म्हण. काकांसाठीसुद्धा. पप्पांना पोचेल."

"बाय, तुला सांगायचं धाडस नाही झालं मला," तो म्हणाला. "तुला माती देता आली नव्हती. त्यात वर हे कसं सांगू? पण तुझा कॉल संपला ना, की दर वर्षी एक मेणबत्ती घेऊन मी विहिरीकडे जायचो. तुझं नाव घेऊन लावायचो. म्हणायचो, पप्पा, ही पॉलिनची."