वर्लीन पेटसची पट्टी

वर्लीन पेटसला पुन्हा प्रसिद्ध केलं ते गादीवाल्यांनी. गाण्यातल्या जाणकारांना अठ्ठेचाळीस वर्षांत जे जमलं नाही, ते एका गादीच्या जाहिरातीने तीस सेकंदांत केलं. गाणं होतं वर्लीननेच लिहिलेलं, नवऱ्याची वाट बघत रात्रभर टक्क जागणाऱ्या बाईचं. ते गाद्या खपवायला वापरायचं, ही अक्कल कुठल्या साहेबाची, देव जाणे. पण शब्द ऐकायची तसदी कधी कुणी घेतलीच नव्हती. सगळे थांबायचे ते शेवटच्या वरच्या सुरासाठी. अडुसष्ट साली, तेविसाव्या वर्षी, वर्लीन तो लावायची तेव्हा मेम्फिसमध्ये खुर्च्या उलटायच्या.

त्या एका सुरावर तिने अकरा वर्षं बसमधून हाडं खिळखिळी करून घेतली. ऑर्गनवर नवरा, होझिया टगल. पुढे नाचाच्या धांगडधिंग्याचे दिवस आले, रेकॉर्ड कंपनीला टाळं लागलं, आणि होझियालाही रीतीप्रमाणे दुसरी गायिका मिळाली. वर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. तीस वर्षं तिने मुलांना मॅकरोनी-चीज वाढलं. तिथले श्रोते प्रामाणिक होते. आवडलं नाही तर ताट तसंच टाकून जायचे.

आता वर्लीनच्या एकाहत्तराव्या वर्षी थिएटरमधल्या तिच्या कार्यक्रमाची सगळी तिकिटं संपली होती, आणि जुनं ते सगळं हवं म्हणून आयोजकांनी होझियालाही शोधून आणलं होतं. गुरुवारच्या तालमीत त्याने पहिले सूर दाबले आणि वर्लीनने हात वर केला.

"ही माझी पट्टी नाही."

"तीच आहे."

"तीन पट्ट्या खाली आहेस. माझे कान शाबूत आहेत अजून."

"अगं, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना!"

"एकाहत्तर वर्षांची आहेस तू, वर्लीन."

"आणि तू त्र्याहत्तरचा. तरी केस काळेभोर! मी काही बोलले?"

बेसवाला खो खो हसला. होझियाने मुकाट्याने पट्टी चढवली. तालमीत वर्लीनने तो सूर काही लावला नाही. गळा राखून ठेवतेय म्हणाली. खरं म्हणजे तीन आठवडे ती न्हाणीघरात नळ सोडून तोच सूर शोधत होती, आणि तो काही सापडत नव्हता. पण खाली उतरायचं म्हणजे आपण संपलो हे आपल्याच तोंडाने कबूल करायचं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला मनापासून वाटत होतं.

रविवारी पुढच्या रांगेत चर्चच्या बायका टोप्या घालून हजर. सैतानाची गाणी गाते म्हणून ज्यांनी वर्लीनशी दहा वर्षं अबोला धरला होता, त्याच. आता ती 'आमची वर्लीन' झाली होती.

गाणं जुन्याच पट्टीत सुरू झालं. शेवट आला, वर्लीनने डोळे मिटले, सूर अर्ध्यापर्यंत चढला आणि फाटला.

मग टोप्यांमधून आवाज आला, "सावकाश गं बाई, सावकाश!" आमच्याकडे चर्चमध्ये हे अगदी प्रेमाने म्हणतात, आणि बुडणाऱ्यालाच म्हणतात.

वर्लीनने बाजूच्या पडद्याकडे बघितलं. निघून जाणं सोपं होतं. ती होझियाकडे वळली.

"उतर खाली. तीन नको, चार."

आणि तिने पहिल्या ओळीपासून पुन्हा धरलं. आता वर कुठे वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा नाइलाजाने लोकांना शब्द ऐकावे लागले. दोनदा गरम केलेला मासा. पहाटेचे चार. छतावरून सरकून पुढे निघून जाणारा, दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा उजेड. टोप्यांखालचे हातपंखे थांबले. दुसऱ्या कडव्यात ऑर्गनही थांबला. उरलेलं तिने तसंच म्हटलं.

टाळ्या संपता संपेनात. होझिया बाकावरून हलला नव्हता. वर्लीन त्याच्यापाशी गेली.

"वाजवायचं सोडून झोपलास काय रे?"

"अकरा वर्षं वाजवलं मी हे," तो म्हणाला. "ती बाई कुणाची वाट बघत होती गं?"

त्याला सगळं ठाऊक आहे आणि वर हा निर्लज्जासारखा वाजवतो, असं अठ्ठेचाळीस वर्षं धरून चालली होती ती. त्या रागावर तिने अख्खा जन्म काढला होता. आणि याने गाणं ऐकलंच नव्हतं.

"तुझी, गाढवा," वर्लीन म्हणाली. "आणखी कुणाची?"