हँडबिलावरची वाफ

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. अजूनही ‘आहे’ असं म्हणवत नाही... पण या प्रकाराने दमवलंय, म्हणून लिहून टाकतो.

मी मूळचा नागपूरचा, आता मिशिगनमधल्या ट्रॉयला असतो. गाडीच्या हेडलॅम्पला आतून वाफ का धरते ते शोधणं, ही माझी नोकरी. छंद मात्र विचित्र — रशियन क्रांतीच्या धामधुमीत अमेरिकेने उत्तर रशियात, अर्खांगेल्स्कला सैनिक पाठवले होते. त्यातले बरेच आमच्या मिशिगनचे. त्या सैन्याने तिकडे छापलेले कागद मी जमवतो. पत्रकं, कुपनं, कार्यक्रमांची हँडबिलं... वाचून लोक फेकून देतात ते सगळं.

मागच्या हिवाळ्यात जवळच एका घरातलं सामान विकायला काढलं होतं. नव्वदीच्या डोरिसबाई सीनियर होममध्ये जाणार होत्या. तिथे मला एक हँडबिल मिळालं. सैनिकांनी बसवलेल्या गाण्यांच्या कार्यक्रमाचं, पुढे इंग्रजी, मागे रशियन. बाईंचे वडील त्या सैन्यात होते.

“डॅडी त्याबद्दल कधीच बोलले नाहीत,” एवढंच त्या म्हणाल्या.

घरी आणून नेहमीसारखं पारदर्शक पाकिटात सील केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर पाकिटाला आतून वाफ! तोंडाजवळ आरसा धरल्यावर येते तशी... विरायची, परत यायची.

मला हसूच आलं. म्हटलं, हे तर आपलंच खातं. कागद वाळवला, पाकीट बदललं, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या. शेजारी तसल्याच पाकिटात त्याच काळातलं दुसरं पत्रक ठेवलं. ते कोरडं ठणठणीत, आणि हे पुन्हा धुरकट. आता तर कडेची शाई फुटायला लागली होती.

त्या दिवसांत ऑफिसमध्ये लेऑफ चालू होते, माझं डोकं आधीच शिणलेलं. मेधाने, माझ्या बायकोने, पाकीट उचललं आणि पटकन खाली ठेवलं.

“अरे, हे श्वास घेतंय असं वाटतं. यार, देऊन टाक ना त्या बाईंना परत.”

शनिवारी ड्राइव्ह करत सीनियर होमला गेलो. वाफेचं काही बोललो नाही. कागद खराब होतोय, तुमच्याकडेच राहू दे, एवढंच म्हणालो. डोरिसबाईंनी पाकिटावरून, आतल्या वाफेच्या कडेने बोट फिरवलं.

“बाहेर काढ त्याला.”

“उघड्यावर अजून खराब होईल...”

“काढ ना, हनी. डॅडींना बंद खोली सहन व्हायची नाही. तिकडून आल्यापासून. इथल्या बर्फातसुद्धा व्हरांड्यात झोपायचे. मम्मा आत रडत बसायची. का, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही त्यांनी.”

मी सील उघडलं. बाईंनी कागद तळहातावर घेतला, दुसऱ्या हाताने हलकेच थोपटला... लहान मुलाला थोपटतात तसा.

तेव्हापासून तो त्यांच्या टेबलावर उघडाच असतो. एकदम कोरडा. रिकाम्या पाकिटात मी साधा कागद सील करून पाहिला, काही झालं नाही. माझ्या सगळ्या शिक्षणात याचं उत्तर नाही, आणि शोधायची ताकदही आता उरलेली नाही.

बाकीची पाकिटं अजून सीलबंदच आहेत. सगळी कोरडी. पण ऑफिसमधून कितीही दमून आलो, तरी एकेक पाकीट खिडकीशी नेऊन उजेडात धरून बघतो... कोणी आत अडकलेलं तर नाही ना.