मुलुंड ते चारकोप, लाल स्टिकरच्या मागे

लोक काश्मीरला जातात, केरळला जातात. मी चारकोपला जाऊन आले. हसू नका. मुलुंडहून चारकोप हा प्रवास एकदा करून बघा, मग बोला.

सकाळी चहा गाळत होते तेव्हा नेहाचा फोन आला. नेहा ही शैलाची वकील.

"मॅडम, आता निश्चिंत राहा. खटला संपेपर्यंत काहीही नष्ट करायचं नाही, असा मेल कंपनीने सगळ्यांना पाठवलाय."

"धुरींना पाठवला?"

"कोण धुरी?"

मी गॅस बंद केला आणि चपला घातल्या.

एका औषध कंपनीचा अभिलेख विभाग मी बावीस वर्षं सांभाळला. कोणता कागद ठेवायचा, कोणता मेल किती वर्षं ठेवायचा, कधी फाडायचा, हे नियम माझे. आजकालची मुलं याला इन्फर्मेशन गव्हर्नन्स म्हणतात आणि त्याच्या परिषदा भरवतात. आमच्या शाळेतल्या सिस्टर याला टापटीप म्हणायच्या आणि फूटपट्टीने शिकवायच्या.

शैला त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. सात वर्षांपूर्वी थंड खोलीचं यंत्र बिघडलं, औषधांचा अख्खा साठा वाया गेला. बिघाड कळवला नाही असा ठपका ठेवून शैलाला काढून टाकलं. ती पहिल्या दिवसापासून सांगत होती, मेल पाठवला होता, अभिलेख विभागाला. बिघाडाची तक्रार आधी आमच्याकडे क्रमांक घेऊन नोंदवायची, असा नियम होता. कंपनी म्हणाली, नोंद दाखवा. नोंद नव्हती. माझ्या विभागातून नोंद गहाळ? हे मला निवृत्तीनंतर, शैलाने खटला भरल्यावर कळलं आणि माझं डोकंच फिरलं. माझ्यानंतर खुर्चीत बसलेल्या त्या टाय लावलेल्या नमुन्यांनीच काहीतरी माती केली असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

सर्व्हरवरचे मेल तीन वर्षांनी आपोआप पुसले जातात. नियम माझाच. उरल्या फक्त बॅकअपच्या टेप. त्या चारकोपच्या गोदामात सात वर्षं राहतात, मग यंत्रात घालून त्यांचा चुरा करतात. कधी, ते खोक्यावरच्या लाल स्टिकरवर लिहिलेलं असतं. त्या वर्षीच्या खोक्यावर माझ्या हाताने लिहिलेला महिना हाच होता. आणि गोदामातले धुरी मेल बघत नाहीत. ते स्टिकर बघतात.

तर, रस्ता सांगते. मुलुंडहून एलबीएस रोडने बस धरून घाटकोपर. मेट्रोच्या जिन्याखाली इडली खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. मेट्रोत डीएन नगरला उतरायचं, खाली रस्त्यावर अजिबात जायचं नाही, पुलावरूनच अंधेरी पश्चिमला चालत जायचं आणि पिवळी लाइन धरायची. डीएन नगरपर्यंत चाळीस रुपये, पुढे त्याहून कमी.

निघताना डोक्यात नुसता जाळ होता. पण असल्फाच्या डोंगरावरची रंगीत घरं खिडकीतून वर आली आणि माझं मला कळलं नाही कधी निवले. ही गाडी लोकांच्या तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून जाते. एका गॅलरीत बाई केस पुसत होती. एका घरात टीव्ही चालू आणि समोर कोणीच नाही. एका गच्चीवर पांढरी चादर वाऱ्याने फुगली होती, कोणीतरी आत झोपल्यासारखी. या शहरात कोण काय जपून ठेवतं आणि कोण काय फेकतं, याला काही नियम नाही. माझ्यासारखीला भोवळ यायला हवी. उलट पाळण्यात बसल्यासारखं वाटत होतं.

अंधेरी पश्चिमच्या फलाटावर शैला उभी होती. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. नोकरी गेल्यापासून मावशीबरोबर बाजारात मासे विकते. प्रयोगशाळेत जेवढी नीटनेटकी असायची तेवढीच आताही.

"मॅडम, खोका गेला असेल तर?"

"तर मी त्या धुरींचाच चुरा करीन."

"त्यांनी काय केलं? तुमच्याच हातचं ना ते स्टिकर?"

मी खिडकीबाहेर बघितलं. मालाडच्या पुढे खाडीकडची तिवरं दिसतात. त्यांच्यावर ऊन असं पडलं होतं की पाणी कुठे संपतं आणि पानं कुठे सुरू होतात, ते कळत नव्हतं. डावीकडची जागा मिळवा, एवढंच सांगेन.

डहाणूकरवाडीला उतरून रिक्षा केली. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत सगळे गाळे सारखेच दिसतात. आम्ही दोनदा चुकलो. तिसऱ्या वळणावर चुऱ्याच्या यंत्राची घरघर ऐकू आली आणि शैलाने माझा हात धरला.

दारात धुरी डबा खात बसले होते. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. मला बघून उठलेच.

"मॅडम! खंय होतात इतकी वर्सां?"

"निवृत्त झाले मी. पाच वर्षं झाली. यंत्र बंद करा आधी!"

"निवृत्त? माका कोणी सांगूक नाय." त्यांनी यंत्र बंद केलं. "ह्यां दुसऱ्या कंपनीचा. तुमचा कायेक फोडूक नाय. तुमची सही नाय, मगे मी कसो फोडू?"

तेव्हा मला आठवलं. लाल स्टिकरचा महिना आला तरी चुरा करण्याआधी वहीत दोन सह्या लागतात, एक गोदामाची, एक माझी. या नियमावरून कंपनीत माझी किती टिंगल झाली होती. आणि मी गेल्यावर त्या टायवाल्यांनी तिथे दुसरं नावसुद्धा कळवलं नव्हतं. पाच वर्षांची खोकी छतापर्यंत रचलेली, जणू मलाच विचारत, आमचं काय करायचं.

"अहो, मुदत संपलेलं ठेवणं हीसुद्धा चूकच!" मी ओरडले.

"मगे करा सही," म्हणत धुरींनी वही पुढे केली. पेनही काढून दिलं.

शैला खो खो हसत सुटली. इतक्या वर्षांनी तिला हसताना बघत होते.

मी खोका हातात घेणारच होते, पण फोनवर नेहा कडाडली. "हात लावू नका! फोटो काढा, सील लावा. कोणी कधी बघितलं, कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जाणार, सगळं धुरींच्या अक्षरात लिहून घ्या. नाहीतर कोर्टात समोरचे म्हणतील, मेल तुम्हीच घुसडला." कोणीतरी मला नियम शिकवत होतं, आणि मला बरं वाटलं. धुरींनी आम्हालाही बांगडा वाढला. "कालचा आहे," शैला माझ्या कानात म्हणाली, आणि दोन खाल्ले.

महिन्याभराने, कोर्टाच्या परवानगीने टेप वाचून झाल्यावर, नेहाने अंधेरीला बोलावलं. टेबलावर एकच कागद होता. खाली शैलाचा मेल: थंड खोलीचा काटा सकाळपासून चढतोय, कोणीतरी लवकर बघा. त्याच्या वर अकरा मिनिटांनी गेलेलं उत्तर: विषयाची ओळ रिकामी आहे. नियमाप्रमाणे पुन्हा पाठवावे.

उत्तराखाली नाव माझं होतं.

विषय नाही म्हणून क्रमांक नाही, क्रमांक नाही म्हणून नोंद नाही. टायवाल्यांचा यात काही संबंध नव्हता.

"मग पुन्हा का नाही पाठवलास?" मी विचारलं.

"काटा चढत होता, मॅडम. मी साहेबांकडे धावत गेले. त्यांनी नंतर हात वर केले."

"तुला हे आठवत होतं? मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर चारकोपला आला असतात?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. मी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

परत येताना उजवीकडची जागा मिळाली. त्या बाजूला फक्त इमारती. कोणाच्याही गॅलरीत बघवलं नाही.

घरी येऊन चहा केला आणि नेहाने दिलेला प्रतिज्ञापत्राचा मसुदा वाचला. त्यात होतं, "सदर मेल अभिलेख विभागास प्राप्त झाला." हिरवं पेन घेऊन मी ते खोडलं आणि वर लिहिलं: मला मिळाला. मी वाचला. मी परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी अंधेरीला जाऊन सही केली. साक्षीदाराची दुसरी सही हवी होती. धुरी चारकोपहून स्वतःहून आले होते. सही करण्याआधी त्यांनी माझी सही दोनदा नीट बघून घेतली.