कोनच्या पुतळाबाई आणि विलायती डबे

भिवंडीजवळच्या कोन गावच्या पुतळाबाईंनी आयुष्यात एकदाच डोळे झाकून विश्वास ठेवला, तो सख्ख्या दिरावर. नवरा गेल्यावर दिरानं कागद पुढे केला, बाईंनी अंगठा उठवला, आणि लग्न होऊन आल्यापासून ज्या शेतात भात लावला तिथं गोदाम उभं राहिलं. कल्याण रस्त्याकडची चिंचोळी पट्टी तेवढी वाचली. तिच्यावर त्यांनी गाळे बांधले, भाड्यानं दिले. पण तेव्हापासून बंद दिसेल ते त्यांच्या डोळ्यांत खुपू लागलं, मग तो लिफाफा असो, डबा असो की शेजारणीचं दार. डॉक्टरची गोळीसुद्धा त्या आधी हुंगायच्या. प्रत्येक गाळ्याची दुसरी किल्ली त्यांच्या कमरेला असायची.

शेवटचा गाळा अय्यूबनं घेतला. भिवंडीच्या जुन्या कोकणी घरातला पन्नाशीचा माणूस, बोलणं कमी. पॉवरलूमवर आडवा धागा नेणारे लाकडी धोटे दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली होती. बिनधोट्याचे लूम आले आणि ते काम आटलं. इथं काय करणार, असं बाईंनी विचारल्यावर तो म्हणाला, डबे बनवतो.

बाईंना वाटलं, पत्र्याचे. पण पत्रा काही आला नाही, ठोकाठोक ऐकू आली नाही. शटर कायम अर्ध्यावर. आतून पातळ करवतीची कुरकुर आणि रंगाचा वास. संध्याकाळी त्याची मुलगी आयत लॅपटॉप घेऊन यायची, आणि मधूनच एखादं खोकं कुरियरच्या गाडीत चढायचं. त्यावरचा पत्ता इंग्लंडचा आहे, हे पुतण्या दीपेशनं वाचून सांगितलं. वर हेही सांगितलं, की हायवेच्या कुठल्याशा गोदामात खेळण्यांच्या पोटातून भलताच माल निघाला होता.

मग बाई सरळ गाळ्यात शिरल्या. अय्यूबनं स्टूल पुढे केलं आणि काम दाखवलं. आगगाडीचे वीतभर लांबीचे डबे. विलायतेत पहिल्यांदा रेल्वे सुरू झाली तेव्हा असे डबे होते, तिकडच्या हौशी लोकांना ते हुबेहूब लागतात, आयत जुनी चित्रं बघून नकाशे काढून देते, असं त्यानं सांगितलं. पहिल्या वर्गाचा डबा म्हणजे जणू तीन घोडागाड्या एकमेकींना चिकटवलेल्या, खालून गोलसर, पिवळ्याधमक. एक त्यानं बाईंच्या हातात दिला.

बाईंनी तो परत केला, पण हाताला त्याचं वजन लक्षात राहिलं. लाकूड, तेही इतकं पातळ, आणि असं जड? शिवाय मोठी माणसं खेळणी घेतात, तीही कोनच्या गाळ्यातून, हे त्यांच्या गळी उतरेना. दीपेश म्हणाला, पोलिसांत ओळख आहे, सांगू का? बाई म्हणाल्या, आधी मी बघते.

शुक्रवारी अय्यूब नमाजला गेला. बाईंनी दुसरी किल्ली लावली, शटर वर केलं आणि तो पिवळा डबा मांडीवर घेतला. अडकित्त्याचं टोक तळाच्या फटीत घालून दाबलं. फळी कडकन उडाली, एक दारही तुटलं. आत बारीक बाकं होती आणि तळाशी करड्या धातूची पट्टी चिकटवलेली. बाईंनी ती दाताखाली धरली आणि थबकल्या. हे तर शिसं. लहानपणी खाडीत बापाच्या जाळ्याला याच्याच गोळ्या असायच्या, जाळं बुडावं म्हणून. पण गाडीला कुठं बुडायचंय?

त्या तिथंच बसून राहिल्या. अय्यूब आला, त्यानं मांडीवरचा डबा पाहिला. आवाज चढवला नाही.

"काकी, विचारलं असतं तर मीच उघडून दाखवला असता."

"इचारल्यावं मानूस सांगतो ता खरा असतो काय?" बाई म्हणाल्या. "शिसा कनाला घातलंस?"

कशाला, ते दाखवायला अय्यूबनं टेबलावर वळणदार रूळ मांडले. बिनशिशाचा एक डबा छोट्या इंजिनला जोडून सोडला. वळणावर तो कलंडला. शिसं घातलेला सोडला, तो रूळ न सोडता फिरला. बाईंनी टेबलाखाली वाकून पाहिलं, इंजिन उचलून पाहिलं, पुन्हा सोडायला लावलं. मग फळीवरच्या दुसऱ्या डब्याकडे बोट केलं. त्याला छप्परच नव्हतं, नुसती उघडी पेटी. गिऱ्हाइकाला फसवतोस, छपराचं लाकूड वाचवतोस, असं त्या म्हणाल्या.

"तो तिसऱ्या वर्गाचा," अय्यूब म्हणाला. "गरिबांना तेव्हा छप्पर नव्हतं. पाऊस आला की भिजायचे."

हे मात्र बाईंनी लगेच मानलं. त्याला पुरावा मागितला नाही.

अय्यूब हत्यारं गोणीत भरायला लागला. बाईंना वाटलं, पकडला गेला म्हणून पळतोय. तसं त्या बोलल्याही. तो म्हणाला, पळत नाही, पण आपल्या माघारी कुलूप उघडतं तिथं बारीक कामाला हात स्थिर राहत नाही. तुटलेल्या त्या इवल्या दारासाठी आयतला आठवडा लागला होता, असं म्हणून त्यानं करवत गोणीत टाकली.

 बाई कमरेच्या जुडग्यातून त्या गाळ्याची किल्ली सोडवायला लागल्या. कडी गंजली होती, निघेना. अय्यूबनं पकड दिली. किल्ली टेबलावर ठेवून त्या घरी गेल्या, आणि गोणी पुन्हा उघडली गेली.

त्यानंतर दुपारी बाई गाळ्यात येऊन बसत. तुटलेला डबा अय्यूबनं नव्यानं केला. तेव्हाच्या डब्यांच्या टपावर सामान बांधलेलं असायचं, तशा इवल्या पेट्या याच्याही टपावर होत्या. आयतनं बांधलेल्या दोऱ्या बाईंनी ओढून पाहिल्या, ढिल्या म्हणून सोडल्या आणि जाळ्याच्या गाठी मारून पेट्या पुन्हा करकचून आवळल्या. खोकं बंद होताना त्या शेजारी उभ्या होत्या, आणि कुरियरवाल्याला त्याचं नाव विचारून घेतलं.

पुढे गिऱ्हाइकाचा फोटो आला. हिरवळीवर रूळ, त्यावर पिवळा डबा, टपावर सामान, बाजूला गुडघे टेकून बसलेला एक म्हातारा गोरा. आयतनं मोबाईल पुढे धरून सांगितलं, आजी, तुमच्या गाठींचं त्यांनी कौतुक केलंय.

बाईंनी पदरानं काच पुसली आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. चेहरा जरा सैलावला होता.

"ह्यो फोटो तिकरचाच हाय," त्यांनी विचारलं, "ता कशावरनं?"