सरळ केलेला ढोल

"थांब. येई ऱ्हायना."

असं म्हणत सर चहाच्या टेबलावर बोटाने दोनदा टकटक करायचे आणि येत असलेली तिसरी थाप हवेतच धरून ठेवायचे. आता पडेल, मग पडेल म्हणून समोरचा श्वास रोखून बसायचा. ती पडायची तेव्हा चहावर साय धरलेली असायची.

सर म्हणजे नंदुरबारच्या एका शाळेतले संगीतशिक्षक. सात-आठ वादकांसाठी नव्या रचना लिहायचे. गावात त्या वाजवायला तिघंच मिळायचे. निवृत्ती जवळ आली असताना त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. सातपुड्यातल्या होळीच्या ढोलात दोन थापांमधलं अंतर सारखं नसतं, ते कागदावर कसं लिहायचं आणि आजच्या रचनेत कसं आणायचं, हा विषय. मला यातलं इतकंच कळलं, की कागद फार लागणार. पण माझा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ, आवाज टिपायचं यंत्र माझ्याकडे. म्हणून मी त्यांचा रेकॉर्डिस्ट.

काठी गावाच्या पलीकडे एका पाड्यावर एक म्हातारे बाबा हा ढोल वाजवायचे. त्यांच्यासारखं वाजवणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्यांच्या घरची रीत अशी, की होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल शेवटचा वाजतो, मग आढ्याला टांगतात. पुढच्या होळीपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. ती शेवटची सकाळ आम्ही टिपली. परतताना सर अख्ख्या घाटात डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, गाडी लागली.

आता माझा पराक्रम ऐका. लग्नाच्या व्हिडिओत ढोल जरा पुढेमागे झाला, की नवरदेवाच्या मित्रांचा नाच आणि ढोल यांचा मेळ बसत नाही. म्हणून आम्ही कॉम्प्युटरवर एकेक थाप ओढून रेघेवर बसवतो. हाताला सवयच. बाबांचा ढोल मला अंमळ ढिला वाटला. दोन दिवस खपून मी एकूण एक थाप जागेवर आणली, मूळ कार्ड पुसलं आणि त्यावर खापर गावचं एक लग्न उतरवलं.

"सर, एकदम सरळ करी टाकं!" मी छाती फुगवून सांगितलं.

सरांनी हेडफोन लावला. अर्ध्या मिनिटात त्यांचा चेहरा खडूसारखा झाला.

"मूळ कोठे शे?"

"पुसाई गयं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातली रक्तदाबाची गोळी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुले बी देऊ का?"

"परत वाकडं करी देस ना, सर," मी घाईघाईने म्हणालो.

"तू वाकडं करशी रे भो. बाबासनं वाकडं कोठे व्हतं?"

पीएच.डी.च्या मार्गदर्शक बाईंना ते स्वच्छ रेकॉर्डिंग फार आवडलं. तेच जोडा म्हणाल्या, मुदत संपत होती. जोडलं असतं तर विद्यापीठात कोणाला पत्ता लागला नसता. सरांनी बाईंना खरं काय ते सांगून टाकलं आणि मुदतवाढ मागितली. पुढच्या वर्षीच्या मार्चअखेरपर्यंत मिळाली. ती शेवटची, त्यापुढे नाव रद्द.

मग ते वर्ष. बाबांना दम्याचा त्रास होता. सर दर सोमवारी पाड्याखालच्या दुकानात फोन लावायचे, "बाबा बरा शेतस ना?" पावसाळ्यात तिकडे रेंज नव्हती, तेव्हा डोंगरातून बाजाराला आलेल्या कोणालाही अडवून विचारायचे. दिवाळीनंतर कळलं, की बाबा ऊसतोडीला गेलेल्या मुलाकडे गुजरातेत गेले. सरांचं जेवण तुटलं. माझंही. पोराच्या दहावीला मी एवढे नवस बोललो नव्हतो.

होळी आली. बाबाही आले, मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसून. दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल बाजेवर टेकवून ते वाजवायला बसले. तरी सरांनी यंत्र माझ्या हातात दिलं. माझ्या! मी एकाला दोन यंत्रं लावली आणि श्वास कोंडून उभा राहिलो. ढोल ऐन रंगात आला आणि विझत्या होळीचा धूर माझ्या नाकात गेला. मी खोकलो. बारीक नव्हे, चांगला दणदणीत.

बाबा थांबले नाहीत. ढोल संपल्यावर सरांनी तिथेच हेडफोन लावून पहिल्यापासून सगळं ऐकलं. मी समोर घामाघूम. शेवटी एक कान मोकळा करून ते म्हणाले, "तू आठे खोकलना."

"काढी टाकू?"

"हात लावशी तं देख!"

प्रबंध मंजूर झाला. सर निवृत्त झाले. परवा बाइंडिंगवाल्याने माझ्या नावाची एक प्रत दुकानात आणून दिली. चाळली, काही म्हणता काही कळलं नाही. मागे रेकॉर्डिंगच्या यादीखाली मात्र बारीक अक्षरात एक टीप होती: "मध्ये येणारा खोकला ध्वनिमुद्रकाचा. मुद्दाम ठेवला आहे."

दुकान उघडं टाकून, प्रत काखेत मारून मी सरांच्या गल्लीत धावत सुटलो. दाराला कुलूप. कडी दोनदा वाजवल्यावर आठवलं, सर मुलीकडे बडोद्याला कायमचे राहायला गेलेत. आठवड्यापूर्वी त्यांची हार्मोनियम गाडीत मीच तर चढवली होती.