अस्वलासाठी बादली

मी शिकलो तो आमच्या शाळेतल्या सावंतबाईंमुळे. आता जर्मनीत, आखनला माझ्या शेजारी एक निवृत्त शिकारी राहतात. बोलण्याआधी "आल्झो", म्हणजे "तर", म्हणून ते डोळे मिटतात.

"आल्झो, स्वीडनला चाललोय, बेरेनसाठी. कधीचं स्वप्न आहे. तुम्ही इंजिनिअर, सांगा, हलकं नेऊ की जड?"

बेरेन म्हणजे रानातली फळं, एवढंच मला ठाऊक. "हलकं. प्लास्टिकची बादली."

त्यांनी डोळे उघडले. "बादलीने अस्वल मरेल?"

जर्मनमध्ये अस्वलांनाही बेरेनच म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी मात्र यादीत मोठी रायफल, जड गोळ्या आणि खाली बादलीही लिहिली.

परतल्यावर म्हणाले, "आल्झो, अस्वल आलं, तेव्हा माझे दोन्ही हात फळांच्या बादलीत होते."

मी पत्र लिहिलं: "ती. बाईंस सा. नमस्कार. माझं जर्मन अजून कच्चं आहे, त्यामुळे एक अस्वल वाचलं. सोबत शेजाऱ्यांनी केलेला मुरंबा पाठवतोय."