नमुन्यावरून माल

आमच्या व्याह्यांना देवानं वर नेलं असेल, तर आधी स्वर्गाचा मूठभर नमुना त्यांच्या हातावर ठेवावा लागला असेल. त्याशिवाय या माणसानं जन्मात कशाला हो म्हटलं नाही. बेगम बाजारात मिरची-हळदीचं ठोक दुकान. गाडीभर पोती आली की एका पोत्यात टोकदार नळी खुपसायची, निघालेली चिमूट हुंगायची, चावायची आणि सगळ्या गाडीचा भाव करून मोकळं व्हायचं. बाजारात ही रीत सगळ्यांचीच, पण आमचे व्याही ती घरीदारी घेऊन हिंडायचे. कीर्तनाला बसले की पूर्वरंगातच उठायचे. "माल कळला, विहीणबाई. पुढं तेच असणार." माझी लेक बघायला चिक्कडपल्लीला आमच्याकडे आले, तेव्हा पोरगी आत साडीच्या निऱ्यांशी झगडत होती आणि यांनी माझ्या हातचं लिंबाचं लोणचं बोटावर घेऊन जाहीर केलं, "बस! पसंत." मी म्हटलं, अहो, मुलगी तरी बघा. "कायकू? आईचं लोणचं चाखलं की लेक कळते." आणि खोटं कशाला सांगू, अंदाज चुकला नाही. सासऱ्या-सुनेचं असं जमलं, की नवऱ्याशी भांडली की ही सासऱ्याकडे जाऊन बसायची.

लेक सोनोग्राफीची डॉक्टर. तिनंच एकदा जेवताना विषय काढला. पोटातून एक मोठी रक्तवाहिनी जाते म्हणे. काही म्हाताऱ्यांची ती हळूहळू फुगत जाते, सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा येतो तशी. दुखत नाही, खुपत नाही. आणि फुटली, की बहुतेकांना दवाखान्याचं दारही दिसत नाही. आधी कळलं तर ऑपरेशन करता येतं, आणि कळायला पोटावरून मशीन फिरवायचं, एवढंच. "आपल्या मराठी मंडळातले सगळे म्हातारे तपासून टाकू," ती म्हणाली. व्याह्यांचा घास हातातच राहिला.

"सापडतील किती?"

"फार थोडे, बाबा."

"मग बाकीच्यांची पोटं बघण्यात मशीन, डॉक्टर, वेळ, सगळं वाया? परवडतं का हे?"

लेक हसली. "हाच वाद मोठमोठे लोक घालतात. म्हणून पासष्टीच्या पुढचे पुरुष, त्यातही बिडी-सिगारेट ओढलेले आधी बघायचे. सापडतात ते जास्त करून त्यांच्यातच."

"हां! आता धंद्याचं बोललीस."

मग काय उत्साह विचारता! जामबागेतल्या एका ओळखीच्या सेंटरवाल्याला चहावर चहा पाजून त्याची रविवारची सकाळ मिळवली. पण सकाळ एक आणि बिडीवाले म्हातारे बेसुमार. व्याह्यांनी तोड काढली. ज्या घरात दोघे-तिघे भाऊ ओढणारे, तिथला एकच बघायचा. "एका शेतातलं, एका पावसातलं पीक. एक पोतं बघ, लॉट कळतो." लेक चिडली. "बाबा, माणसं म्हणजे मिरच्या नव्हेत. एका भावाचं चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याचं चांगलंच असेल असं नाही." "हौ, हौ," म्हणत त्यांनी आपलंच केलं. त्यांच्या घरातून थोरले भाऊ, अण्णा, टेबलावर झोपले. दोघा भावांनी गोदामाच्या मागं एकाच काडीवर बिड्या पेटवून उमर काढलेली. अण्णांचं ठणठणीत निघालं, तशी यांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली. "माझंही झालं!" लेकीनं हाताला धरून ओढलं. "बाबा, दोन मिनिटं लागतात हो." तर म्हणे, "त्या दोन मिनिटांत दुसऱ्या घरचा माणूस होईल, सूनबाई. नक्को."

त्याच सकाळी एका रिटायर्ड मास्तरांची सापडली, चांगली फुगलेली. ऑपरेशन झालं. मास्तर आजही मंडईत टमाटे दाबून बघताना भेटतात. व्याह्यांनी गल्लीभर पेढे वाटले. "एक सापडला! परवडलं की नाही?"

दिवाळीच्या आधीची गर्दी. दुकानातच व्याह्यांच्या पाठीत आणि पोटात कळ आली. "गॅस आहे," म्हणाले. रिक्षात घालेपर्यंत घामानं सदरा भिजला होता. दवाखाना आला तेव्हा सगळं संपलं होतं. लेकीला कारण कुणाला विचारावं लागलं नाही. तेराव्याला माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती एवढंच म्हणाली, "आई, मशीन चालू होतं गं. बाबा पडद्यापलीकडं सगळ्यांना चहा देत होते." मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले.

मला त्यांचा राग येतो, आणि मेलेल्या माणसाचा राग आला म्हणून मग रडू येतं. बरं, साफ चुकलं म्हणावं, तर तसंही नाही. सगळ्यांना सगळं पुरत नाही. आधी कुणाला बघायचं, हे कुणीतरी ठरवायलाच हवं. काटकसर मात्र या वेड्या माणसानं स्वतःपासून सुरू केली. आपण गेल्यावर घर किती रिकामं होतं, याचा नमुना कुठं मिळत नाही ना.

यंदा लेकीनं पुन्हा तशी सकाळ ठरवली. अण्णा एरवी तोंडातून शब्द काढायचे नाहीत. त्या दिवशी सेंटरच्या दारातच खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला एकच विचारू लागले, "भाऊ आहे का रे तुला?" एक गृहस्थ म्हणाले, "आहे ना, धाकटा. पण तो अगदी बरा आहे, अण्णा."

"बरा आहे ना?" अण्णा म्हणाले. "मग आत्ताच घेऊन ये. मी बसलोय इथं."